येतो म्हणालास ना!

ब्रह्मा घाट, वाराणसी
२ नोव्हेंबर १९९६

सुनीतीताई,

साष्टांग नमस्कार. आधीच सांगून टाकतो, मी एक फार वाईट काम केलंय आणि ते तुझ्या भावाच्या नावानं केलंय. देवदत्तदादाच्या. सगळं वाचून झाल्याशिवाय पत्र फाडू नको. फोनच करणार होतो, पण गल्लीतला पीसीओवाला काचेला कान लावून बसतो, आणि तिकडे नागपूरला फोन उचलतात तुझ्या सासूबाई.

तर ऐक. कार्तिक लागलाय, पंचगंगा घाटावर आकाशदिवे चढलेत. बांबूच्या टोकाला वेताची टोपली, टोपलीत दिवा, गेलेल्याला वर वाट दिसावी म्हणून. यंदा तुझ्या बाबांनी, म्हणजे काकांनी, यजमानांचे बावीस बांबू माझ्या गळ्यात मारले. म्हणाले, "इंटरला दोनदा लुढकलास, दोरी तरी ओढ." संध्याकाळी तेल घालून टोपली चढवायची, सकाळी उतरवायची. शिवाय एक बांबू दादाचा. त्याला काका हात लावत नाहीत. त्यातला दिवा मालविका लावते.

तुला तिचं नाव वाचून राग येणार, माहीत आहे. पण साखरपुडा तिच्याशी झाला होता ना, लग्नाला तीन महिने राहिले होते आणि दादा पुरात गेला. मग दिवा तीच लावणार, दुसरी कोण?

कोजागिरीच्या दुसऱ्या सकाळी मी टोपली उतरवली तर पणतीखाली घडी घातलेला कागद. वाटलं, मंत्रबिंत्र असेल. उघडला. ताई, मंत्र कसला, नुसत्या शिव्या!

«देवदत्त, नालायका, येतो म्हणालास ना! पायरीवर घड्याळ काढून माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, येतो गं पाच मिनिटांत. मी रोज त्याला किल्ली देते. पाच मिनिटं किती वेळा झाली ते मोजत बसू का आता?»

आधी मला हसू फुटलं. मेलेल्या माणसाला कुणी असं झापतं का? मग काय झालं मला, कोण जाणे. संध्याकाळी टोपलीत दुसरी चिठ्ठी ठेवली, दादाच्या नावानं. «घड्याळ पुढे पळतंय, दुरुस्त करून घे.» ती दिवा लावायला आली, तिनं वाचली, दोन पायऱ्या खाली जाऊन बसली. मला वाटलं, आता रडणार. तर बाईनं पर्समधून पेन काढलं आणि पानभर लिहिलं! मी जवाब दिला. तिनं परत दिला. चार दिवस टोपली वरखाली आणि यांचं भांडण चालू. म्हणजे माझं आणि तिचं. तिनं विचारलं, वर तुला भांडायला कुणी मिळालं का? मी लिहिलं, तुझ्या तोडीचं नाही.

मग माझीच फाटली. म्हटलं, हात झटकावेत. परवा शेवटची टाकली. «बास झालं, माले. सुखी राहा. येतो.» खतम.

पण आज सकाळी ती गजरा माळून आली. हसली. सव्वा वर्षात पहिल्यांदा. ताई, मला काही ठीक वाटत नाहीये. काय करू, लवकर लिही.

तुझा,
कुणाल

&nbsp;

नागपूर
७ नोव्हेंबर १९९६

कुणाल,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही.

माझ्या गेलेल्या भावाच्या तोंडून तू चेष्टा करतोस? तुला लाज नाही हे जुनं झालं. शेजाऱ्यांच्या दाराला बाहेरून कडी लावायचास, यजमानांच्या चपला बदलून ठेवायचास, तेव्हा आम्ही हसलो, ती आमची चूक. पण देवदत्त काय चप्पल आहे?

आणि चेष्टा कुणाबरोबर, तर तिच्याबरोबर! जिनं त्याला पुरात लोटलं. हातानं नाही, जिभेनं. गंगा कशी फुगली होती ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. पलीकडे पोहून दाखव म्हणून त्याला कुणीतरी चिडवल्याशिवाय तो उतरणार होता का? तेराव्याला मी तिला सगळ्यांदेखत विचारलं, तूच म्हणालीस ना त्याला, जमायचं नाही म्हणून? मान खाली घालून उभी राहिली. एका शब्दानं नाही म्हणाली नाही. तेव्हाच मी तिला आमच्या घराबाहेर काढलं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

आता तुझं शहाणपण. येतो? गाढवा, येतो लिहिलंस? सुतकाच्या घरातून उठताना आपण येतो म्हणत नाही, मुकाट्यानं उठून चालू लागतो, एवढंही तुला कुणी शिकवलं नाही? तिथं पुन्हा येण्याचं नाव काढायचं नसतं म्हणून. आणि तू मेलेल्या माणसाच्या तोंडी येतो घातलंस! दिवसभर हिंदीत राहून तुझ्या डोक्यात येतो म्हणजे नुसतं "अच्छा, चलता हूँ". तिच्या डोक्यात येतो म्हणजे येतो. गजरा उगीच नाही माळला तिनं.

बाबांनी लिहिलं होतं की तिच्या मामानं तिचं ग्वाल्हेरला ठरवलंय. होऊ दे. एकदाची आमच्या घाटावरून जाऊ दे. तू ताबडतोब एक चिठ्ठी लिही, फक्त एक शब्द: जातो. आणि मग त्या टोपलीला तेल घालण्यापलीकडे हात लावशील तर मी स्वतः येऊन तुझे कान उपटीन.

सुनीती

&nbsp;

ब्रह्मा घाट
१२ नोव्हेंबर १९९६

ताई,

शिव्या पोचल्या. पण तुझ्या पत्राआधीच इथे स्फोट झाला.

चार तारखेला ती जेवता जेवता तिच्या मामाला, शरदमामाला, म्हणाली, "मी ग्वाल्हेरला जाणार नाही. माझा माणूस येतो म्हणालाय." मामानं विचारलं, "कोण माणूस?" तिनं दादाचं नाव घेतलं. मामीच्या हातातलं वरणाचं पातेलं पडलं म्हणे. दुसऱ्या दिवशी गल्लीत पानवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत एकच: लड़की पर देवदत्त चढ़ा है.

ती रोज संध्याकाळी दिवा लावते आणि तिथंच पायरीवर बसते, वाट बघत. लोक वळसा घालून जातात. मामानं गंगापारचा एक ओझा, भूत उतरवणारा, ठरवलाय. पौर्णिमा झाली की येणार. मिरच्यांची धुरी, वेताची छडी, केस धरून विचारणार, बोल कौन है. मी हे एकदा पाहिलंय. नाव चालवणाऱ्या मल्लाहाची पोरगी होती, नंतर तीन दिवस तिचा आवाज फुटत नव्हता. ताई, मला मामाची असली चीड येते की वाटतं त्याच्याच नाकाखाली मिरच्या जाळाव्यात! भाचीचं लग्न मोडलं म्हणून तिला झोडणार, आणि वर म्हणणार, भुताला झोडलं.

तू सांगितलंस तशी चिठ्ठी टाकली. «जातो.» तिनं वाचली, चार तुकडे केले, गंगेत टाकले. टोपलीत लिहून ठेवलं, «खोटं. तो जातो म्हणणार नाही. भांडण अर्धं टाकून जाणारा तो नव्हे.» झालं! येतो लिहायला मला दोन सेकंद लागले, आणि जातो आता कुणी घेत नाही.

आता तू जे लिहिलंस ना, जिभेनं लोटलं, त्याचं. तुला राग येतो, मलाही येतो. आज माझा ऐकून घे.

मागच्या पत्रात मी एक चिठ्ठी लपवली. तिची दुसरी. ही बघ.

«कुण्या म्हणाला, दादा, लग्न ठरलं आणि तू म्हातारा झालास, आणि तू लगेच शर्ट काढलास. मी हात धरला तर झटकलास. त्या कार्ट्याचं एक वाक्य माझ्या हातापेक्षा जड झालं तुला?»

वाचलंस? परत वाच. मी म्हणालो होतो. मी. पायरीवर आम्ही तिघंच होतो. ती नको म्हणत होती. रडकुंडीला आली होती. आणि मी वरच्या पायरीवर शेंगदाणे खात म्हणालो, दादा म्हातारा झाला.

तेराव्याला तू तिला विचारलंस तेव्हा मी तुझ्या मागे चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. मान खाली घालायच्या आधी तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगणार. काका मला मारून टाकणार. तिनं नाही सांगितलं. तू तिला पांढऱ्या पायाची म्हणालीस, अवदसा म्हणालीस, दार दाखवलंस. आणि मी चहा वाटला, ताई. सगळ्यांना चहा वाटला.

म्हणून लिहिल्या मी चिठ्ठ्या. पहिली चेष्टा होती, दुसरी नव्हती. दुसऱ्या दिवशी मी दादाच्या नावानं लिहिलं, «कुण्याची चूक नाही, त्याला माफ कर.» माझी माफी मी दादाकडून मागवून घेतली. ती म्हणाली, «केलं.»

आता काय उपटायचं ते उपट.

कुणाल

&nbsp;

नागपूर
१७ नोव्हेंबर १९९६

कुणाल,

मला यापुढे पत्र लिहू नकोस.

सव्वा वर्ष. राखीला मी तुला पाकीट पाठवत होते आणि आत लिहीत होते, आता तूच एक उरलास. तू ते वाचत होतास. आणि पुन्हा मला पत्रात विचारत होतास, ताई, संत्र्याची बर्फी कधी पाठवतेस.

तुझ्यावरचा राग मला कळतो. माझ्यावरचा कुठे ठेवू ते कळत नाही. तेराव्याला मी जे बोलले ते तू शब्दाशब्दानं लिहून पाठवलंस, विसरले म्हणायची सोय ठेवली नाहीस. ती फक्त नाही म्हणाली असती तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. तिला ते माहीत असावं.

बाबांना हे तू सांगायचंस. तोंडानं. मी सांगणार नाही.

ओझा पौर्णिमेनंतर म्हणजे नक्की कोणत्या दिवशी येणार आहे? आमचा पत्ता पाकिटामागे मोठ्या अक्षरात लिहिलाय, नीट बघून ठेव. गाडी इटारसीला बदलावी लागते. स्टेशनवरून रिक्षावाल्याला देवळामागची पिवळी इमारत सांगायचं. दुपारी मी शाळेतून दोनला घरी येते. सासूबाईंशी मी बोलून घेतलंय, त्या विचारणार नाहीत.

सुनीती

&nbsp;

वाराणसी स्टेशन
२५ नोव्हेंबर १९९६, कार्तिकी पौर्णिमा

ताई,

पत्र लिहू नकोस म्हणालीस म्हणून पोस्टानं पाठवत नाहीये. हातोहात पाठवतोय. हे देणारी तुझ्या दारात उभी असेल. आधी तिला आत घे, पाणी दे, मग वाच.

काकांना मी शुक्रवारी सांगितलं. वाटलं, पाटा फेकून मारतील. माझ्या हातातली तेलाची बुधली घेतली, घाटावर गेले आणि दादाच्या पणतीत पहिल्यांदा स्वतः तेल घातलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं, यार.

काल तिलाही सांगितलं. पायरीवर जाऊन, हात जोडून. चिठ्ठ्या मी लिहिल्या, दादानं नाही. ती वात वळत होती. वर न बघता म्हणाली, "माहीत आहे. देवदत्त मला कधी माले म्हणाला नाही. आणि तुझी वेलांटी नेहमी उलट्या बाजूला पळते. माफी मी तुलाच लिहिली होती, कार्ट्या."

"मग भांडत कशाला होतीस माझ्याशी?"

"भांडायला कुणीतरी पाहिजे होतं. सगळे मला समजावत होते. चिडून उत्तर देणारा तू एकटाच निघालास."

"मग येतो लिहिलं त्याची वाट कशाला बघत बसलीस? तो शब्द माझा होता!"

तेव्हा तिनं वर बघितलं. "शब्द तुझा होता. टोपली त्याची होती. त्यानं ऐकला."

"म्हणजे?"

"म्हणजे येतो. रोज. खालच्या पायरीवर बसतो आणि तोंड उघडत नाही. म्हणून तर राग येतो!"

ताई, माझ्या अंगावर जो काटा आला तो अजून गेलेला नाही. मी तिला ओझ्याचं सांगितलं, परवाच येणार म्हणून. तुझा पत्ता दाखवला. तुझं पत्रच दाखवलं, रागावू नको. तिनं दोनदा वाचलं. "तिला ते माहीत असावं" या ओळीवर बोट ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "उद्या सकाळी त्याच्याशी बोलते. मग बघू."

आज सकाळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पौर्णिमेचं स्नान, लाख माणूस, पोरं हरवतायत, बायका ओरडतायत, भोंग्यावर नावं पुकारतायत. त्या सगळ्या कल्ल्यात ती पाण्यापासून तिसऱ्या पायरीवर बसली, आणि खालच्या पायरीकडे बघून भांडायला लागली. मोठ्यानं. मी वर दोरीपाशी होतो. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. तिथं सगळेच कुणावर ना कुणावर ओरडत होते.

"आज तरी बोल! शेवटचं विचारते."

मग थांबली.

"हो, थंडी आहे. मी काय शेकोटीजवळ बसले होते महिनाभर? मीपण इथेच होते!"

थांबली.

"नाही. तुझी चूक होती. नाही, पुराची नाही. तुझी. मी हात धरला होता."

बराच वेळ थांबली. मग एकदम म्हणाली, "कुण्याला काही बोलायचं नाही. मी त्याला माफ केलंय, तू मधे पडू नकोस." मी बांबू धरून उभा.

मग तिला हसू आलं. "गप. आता गोड बोलून काय उपयोग?" आणि हसता हसता रडायला लागली.

खरं सांगू? मला काही ऐकू आलं नाही. खालच्या पायरीवर कुणी दिसलंही नाही, एका गुजराती कुटुंबाच्या कपड्यांचा ढीग होता. पण ती जिथं जिथं थांबत होती ना, तिथं दादा बोलला असता तर बरोबर तेवढाच वेळ लागला असता. दादा कसा बोलायचा, आधी घसा खाकरणार, मग अर्धं वाक्य, मग पुढचं. तेवढाच वेळ. मी आयुष्यभर त्याचं ऐकलंय, मला चुकायचं नाही.

शेवटी तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझ्याच्यानं होणार नाही. तुला दोनच शब्द येतात, येतो आणि थांब. राहू दे. मीच म्हणते. मी जाते, देवदत्त."

थांबली.

"नाही. येते नाही म्हणाले. जाते म्हणाले. ऐकू आलं ना?"

शेजारी एक म्हातारी ओलं लुगडं पिळत होती. तिनं विचारलं, "केसे झगड़त हऊ, बिटिया?"

"अपने आदमी से, अम्मा."

"सुनत हौ?"

"आज सुना," म्हणाली, आणि पायऱ्या चढून सरळ माझ्याकडे आली. डोळे लाल, पण आवाज एकदम कडक. "गाडी किती वाजता आहे?"

पिशवीत दोन साड्या, बीएचं सर्टिफिकेट, बस. घरी सांगून निघाली की अहिल्याबाई घाटावर दिवे सोडायला जाते. मी नावेत बसवली. नाववाल्याला वाटलं, दिवे सोडायलाच चाललोय. आता ती बाकावर बसलीय आणि मी हमालाच्या ढकलगाडीवर कागद ठेवून हे लिहितोय. सारखी म्हणतेय, काय एवढं लिहितोस, दे इकडे. देत नाहीये. पण वाटेत उघडेल, बघच तू. उघडलंस तर उघड, वहिनी. हो, वहिनी. ताई, आता तरी मला वहिनी म्हणू दे.

मला अजून राग आहे. मामाचा आहे, त्या ओझ्याचा आहे, दादाचा तर सगळ्यात जास्त. कुणी चिडवलं म्हणून पुरात उडी मारतं का, यार? माझ्यासारख्या फालतू पोराच्या बोलण्यावर? त्यानं वळून मला एक थोबाडीत ठेवून दिली असती तर आज तू मला पत्र लिहू नकोस म्हणाली नसतीस. माझा स्वतःचा राग कुठे ठेवायचा ते मलाही कळत नाही. तुला कळलं तर सांग.

आता कामाचं. उद्या सकाळी ओझा येणार, मिरच्या, छडी, सगळं सामान घेऊन, आणि घरात भूत चढलेली पोरगीच नसणार. मामा मलाच पकडणार, कारण घाटावर शेवटचं तिला मीच बघितलं. मी काय सांगणार ते ठरलंय. दादा आला होता. माझ्या डोळ्यांनी बघितलं. हात धरून घेऊन गेला, नावेत बसवलं आणि गेला. मी आवाज दिला पण त्यानं वळून बघितलं नाही. गंगेची शपथ घेऊन सांगणार. गल्ली एका तासात मानेल, बघ. ओझ्याला म्हणणार, पकड आता त्याला, तुझा धंदा आहे ना? मामाला जीव मुठीत धरून झोपू दे महिनाभर. मग वहिनी स्वतः त्याला कार्ड टाकेल, जिवंत आहे, शाळेत नोकरी बघतेय म्हणून. तेव्हा मला पडायचा तो मार पडेल. तोवर नाही.

म्हणून तुझ्या पाया पडतो, ताई, हे कुणाला सांगू नको. भाओजींना सांगावं लागेल, सांग, पण त्यांना पत्र लिहायची सवय आहे, लिहू देऊ नको. काकांना तर अजिबात नाही, ते खोटं बोलू शकत नाहीत, त्यांचा चेहरा लगेच पडतो. सासूबाईंनी विचारलंच तर सांग, ही शाळेतली मैत्रीण आहे. माझ्यावर हवं तेवढं चिड, जन्मभर बोलू नको, राखी पाठवू नको. पण तोंड बंद ठेव. गाडी लागली. ती उठलीय, मला हात करतेय. कुणाला सांगू नको, ताई. कुणाला म्हणजे कुणालाच नाही.

कुणाल